उपाशी राणीचा शब्द

एका राज्यात एक राणी होती. नाव तिचं मृगावती. व्रताला कडक, जिभेला त्याहून कडक. तिला एकच लेक, हेमकला, सात वर्षांची. लेकीनं हसावं, राणीनं डोळे वटारावेत. लेकीनं धावावं, राणीनं दरडावावं. राजा म्हणे, अगं, लेकरू आहे. राणी म्हणे, लाड तुम्ही करा, वळण मी लावते.

असं होता होता श्रावणातला शुक्रवार आला. राणीनं जिवतीची पूजा मांडली. लेकीला उदंड आयुष्य मिळावं म्हणून निरंकार उपास धरला. पुरणाचा नैवेद्य ठेवून फुलं घ्यायला वळते, तोच हेमकलेनं बोटभर पुरण तोंडात घातलं. राणीचा तोल गेला.

"जा. तुझं तोंड मला दिसायला नको."

त्या राज्यात उपाशी पोटीचा शब्द खरा होत असे. तत्क्षणी लेक आईला दिसेनाशी झाली. बाकी सगळ्यांना दिसे. एकट्या आईला तिचा आवाज येईना, स्पर्श कळेना. राणी महालभर धुंडून थकली, पाटावर बसली. दासी डोळे पुसत म्हणाली, "बाईसाहेब, बाळ तुमच्याच मांडीवर बसलंय." राणीनं मांडीवर हात फिरवला. हाताला काही लागलं नाही.

तेव्हा खिडकीतली साळुंकी बोलली, "राणी, सात डोंगरांपलीकडं एक जादूगार राहतो. रागात टाकलेले शब्द तो वेचून ठेवतो. जा, तुझा मागून आण."

राणी अनवाणी निघाली. सात डोंगर ओलांडले. जादूगाराच्या गुहेच्या दारात दगडांची रांग होती, आत माणकांची रास. एकेक माणिक म्हणजे कुणा आईबापाचा शब्द. जादूगारानं तीन कामं सांगितली.

पहिलं, चाबकावाचून रानघोडा आणायचा. राणी ओरडली, घोडा उधळला. मग ती गवताची पेंडी घेऊन तीन दिवस गप्प बसली. चौथ्या दिवशी घोडा आपणहून मागं आला. दुसरं, बोलक्या वडाचं गाऱ्हाणं मध्ये न बोलता ऐकायचं. वड सात पानगळींचं रडगाणं सांगत बसला. राणीच्या जिभेवर दहादा उपदेश आला, दहादा तिनं तो गिळला.

तिसऱ्या कामाला जादूगारानं नुसतं विचारलं, "लेकीनं नैवेद्य का उष्टावला?"

हट्ट म्हणावा, वांडपणा म्हणावा, असं राणीच्या ओठांवर आलं. मग तिनं मान खाली घातली.

"ठाऊक नाही. मी विचारलंच नाही."

"बाकीच्यांनी मनचं कारण सांगितलं," जादूगार म्हणाला, "ते दारात दगड होऊन पडलेत." त्यानं तिच्या शब्दाचं माणिक तिच्या तळहातावर ठेवलं. ते गारेसारखं विरघळलं, आणि दारातले दगड माणसं होऊन आपापल्या घरी चालू लागले.

राणी परतली. उंबऱ्यावर हेमकला दिसली. राणी तिच्यापुढं खाली बसली.

"बाळ, नैवेद्य का उष्टावलास गं?"

लेक भीत भीत म्हणाली, "भूक लागली होती. तुझा उपास म्हणून मला कुणी जेवायलाच दिलं नव्हतं."

राणीनं तिला पोटाशी धरलं. मग डोळे पुसून म्हणाली, देवाचं उष्टं करू नये, हे खरंच. भूक लागली की मला सांगायचं. आणि मीही रागवायच्या आधी विचारीन.

आधी लेक जेवली. मग दोघींनी मिळून पुरण वाटलं, नैवेद्य नव्यानं मांडला. जशी तिला तिची लेक दिसली, तशी ज्याची त्याला दिसो. त्या दिवशी देवाला ताट जरा उशिरानं मिळालं; देव काही रागावला नाही.