सव्वानऊ वाजता दगड झालेले किडे

सकाळी सव्वानऊ वाजता आमच्या कीडटेकडीवरचे सगळे किडे दगड झाले, असं सांगतात. तेव्हा गावात घड्याळ नव्हतं, पण माझ्या आत्तेसासूबाई, यमुआत्या, पाहुण्यांना वेळ सव्वानऊचीच सांगतात. कोणी विचारलंच तर म्हणतात, "मग काय दुपारी झाले?"

हे दगडी किडे टेकडीवर पावलोपावली सापडतात. सुपासारखं डोकं, अंगावर आडव्या वळ्या. हातोडी घेऊन येणारे लोक त्यांना ट्रायलोबाइट म्हणतात, ते कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहायचे म्हणतात. असेलही. आत्या सांगतात ते असं.

फार पूर्वी टेकडीखाली भागरती नावाची बाई राहायची. तिचं पहिलंच पोर, नुकतं रांगायला लागलेलं, आणि दिसेल तो किडा तोंडात टाकणारं. भागरतीला धड भाकरी थापता येईना की खाता येईना. शेवटी ती टेकडीवरच्या देवीला, मायला, नवस बोलली, "एवढे किडे दगडाचे कर, जन्मभर गूळ खाणार नाही." माय पावली. वळवळणारे किडे जागच्या जागी थिजले. भागरती निश्चिंत होऊन भाकरी करायला बसली.

पोराने दगडाचा किडा तोंडात टाकला.

किडा घशाशी अडकला, पोर निळं पडलं. भागरतीने तोंडात बोट घातलं, पण दगड गुळगुळीत, नख सटकायला लागलं. ती ओरडली, "माये, धरायला काहीतरी दे गं!" तेव्हा म्हणे मायने सगळ्या किड्यांच्या पाठीवर दोन उभ्या खाचा ओढल्या. पाठीचे तीन भाग झाले, मधला उंच, कडेचे उतरते. खाचेत नख रुतलं, किडा बाहेर आला, पोराने भोकाड पसरलं.

भागरती मायवरच उखडली. माय म्हणाली, "अगं बये, दगड कर म्हणालीस, केले. पोराच्या तोंडावर लक्ष ठेवायचं मी कधी कबूल केलं?"

आजही टेकडीवरून उतरणाऱ्याला आमच्याकडे आधी तोंड उघडून दाखवावं लागतं. मग बायका त्याने आणलेल्या दगडाच्या पाठीवर नख फिरवतात. दोन खाचा लागल्या तर मायचा किडा, नाहीतर नुसता दगड. मागे एक दाढीवाले प्रोफेसर आले. म्हणाले, "अहो, मी कशाला दगड खाईन?"

"सगळे असंच म्हणतात. आ करा."

त्यांनी केला. गालात सुपारी निघाली.

तुमच्या ओळखीचं कोणी लेकरू घेऊन इकडे येणार असेल, तर त्यांना एवढं नक्की सांगा: टेकडीवरून निघण्याआधी पोराचं तोंड उघडून बघा. पोर शहाणं असलं तरी बघा.