टेंबाईचा कौल आणि सप्ताळूची ढेकळी

टेंबवाडीच्या डोंगरावर टेंबाईचे देऊळ आहे, आणि देवळाच्या मागे, गाभाऱ्याच्या खिडकीखाली, सप्ताळूची झाडे आहेत. सप्ताळू म्हणजे शहरात ज्याला पीच म्हणतात ते फळ. ही झाडे कोणी हौसेने लावलेली दिसत नाहीत. त्यांना ओळ नाही की अंतर नाही. जत्रेत पुढे घुसणाऱ्या माणसांसारखी ती एकमेकांच्या अंगावर रेललेली आहेत. खिडकीतून हात काढून एखादी वस्तू भिरकावली तर ती जिथवर पडेल तिथवरच झाडे, त्यापलीकडे एकही नाही. पाहुणे विचारतात, ही बाग कोणी केली? गावकरी एकमेकांकडे बघून हसतात आणि गुरवाच्या घराकडे बोट दाखवतात. गुरवाच्या घरचे मात्र हसत नाहीत.

गोष्ट साहेबाच्या अमलातली आहे, असे सांगतात. या गावात तेव्हा हौसा नावाची एक सून आली. तिचा बाप दूरच्या थंड हवेच्या डोंगरावर एका साहेबाच्या बंगल्यात माळी होता. लेकीच्या लग्नात आंदण द्यायला त्याच्याकडे ना गाय होती ना सोन्याचा मणी. त्याने साहेबाच्या बागेतली सप्ताळूची एक बी लेकीच्या पदराला बांधली आणि म्हणाला, "बाय, ही लाव. झाड मोठं झालं की बाप दारात उभा हाय असं समज." त्या बंगल्यावरची मडमीण सप्ताळू चिरून, वर लोण्याच्या पिठाचे गोळे टाकून, निखाऱ्यांवर भाजायची. तो पदार्थही बापाने लेकीला शिकवला होता. वर्षभरात बाप वारला. माहेर म्हणून हौसाला उरले ते परसातले हातभर रोप.

रोपाचे झाड झाले आणि एका वैशाखात त्याला फळे धरली. पिवळी, लाल गालांची, अंगावर बारीक लव असलेली. हौसाची सासू ती लव बघून दोन पावले मागे सरली. "फळाला केस? असलं फळ माझ्या बानं बी बघितलं न्हाई," ती म्हणाली. तिच्या बापाने गावाबाहेर फारसे काहीच बघितले नव्हते, पण हे तिला कोण सांगणार?

आता टेंबवाडीची रीत अशी, की नवे काहीही टेंबाईला विचारल्याशिवाय करायचे नाही. नवे फळ खायचे असो, म्हैस घ्यायची असो, पोरीला स्थळ बघायचे असो, आधी कौल लावायचा. गुरवाने तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. पडेपर्यंत कळीला कोणी हात लावायचा नाही. एरवी घटकाभरात निकाल लागे, आणि माणसे आपापल्या कामाला जात.

सप्ताळूची पहिली टोपली देवीपुढे ठेवली आणि कौल लावला. कळ्या चिकटल्या त्या चिकटल्याच. संध्याकाळ झाली तरी पडेनात. केरू पाटील म्हणाला, देवी विचार करत असेल. दुसऱ्या दिवशी कोणी म्हशीचा कौल लावला, कोणी विहिरीचा, कोणी सोयरिकीचा. एकही कळी हलली नाही. बघता बघता टेंबाई गळ्यापासून कमरेपर्यंत कळ्यांनी भरून गेली आणि गाव जागच्या जागी थांबले. म्हैस विकणारा म्हैस घेऊन पारावर बसून राहिला. नवऱ्या मुलाकडचे पाहुणे मुलीच्या घरी जेवत राहिले, कारण होकाराशिवाय सुपारी फोडायची कशी, आणि नकाराशिवाय उठून जायचे कसे? त्या जेवणावळींनी मुलीचा बाप वाळून गेला.

देवी रुसली हे उघड होते. कशाने रुसली हेही गावाला लगेच समजले. केसाळ फळ गावात आले आणि देवी मुकी झाली, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. हौसा पाण्याला निघाली की बायका घागरी बाजूला घेऊ लागल्या. घरात सासू दोन शब्द ऐकवल्याखेरीज भाकर वाढेना. हौसा ऐकून घेई आणि परसात जाऊन झाडाच्या बुंध्याला हात लावून उभी राही. तिने स्वतः त्यातले एकही फळ चाखले नव्हते. कौलाआधी खायचे नाही म्हणजे नाही. बापाच्या हातची चव तिच्या डोक्यावर लटकत होती आणि ती खालून बघत होती.

आता खरी गोष्ट काय होती ती सांगायला हवी. त्या वेळी देवीची पूजा सखोबा गुरवाकडे होती. माणूस भाबडा, देवभोळा, पण त्याला एक खोड होती. भीती वाटली की त्याला भूक लागे. पहिल्या दिवशी ती टोपली त्याच्यापुढे आली, गाभाऱ्यात दुसरे कोणी नव्हते, आणि त्या फळांचा वास असा की दगडालाही पाणी सुटावे. त्याने तळातले एक खाल्ले. हनुवटीवरचा रस धोतराला पुसला, बी खिडकीतून भिरकावली आणि तसाच कौलाला बसला. कळ्या काही पडेनात. आपल्या चोरीने देवी कोपली म्हणून तो घाबरला, आणि घाबरला म्हणून त्याने आणखी एक खाल्ले. पाटलाचा हुकूम होता की कौल मिळेपर्यंत हौसाने रोज ताजी टोपली आणावी. तेव्हा रोज टोपली येई, रोज सखोबा घाबरे, आणि रोज बिया खिडकीबाहेर जात. आपल्या बोटांचा चिकट रस कळ्यांना लागतो आहे, हे काही त्याच्या ध्यानात आले नाही, असे म्हणतात. गुरवाच्या घरचे तर आजही तसेच म्हणतात.

शेवटी पौर्णिमेच्या जत्रेआधी पाटलाने निर्णय दिला. एक शेवटचा कौल लावायचा, तांबड्या कण्हेरीच्या कळ्यांनी, म्हणजे तो वेगळा ओळखू येईल. सांजेपर्यंत देवी बोलली नाही तर झाडावर कुऱ्हाड.

हौसा डोक्यावरचा पदर सावरून पाटलापुढे उभी राहिली. "पाटीलबाबा, झाड गावाचं न्हाई, माझ्या बाचं हाय. तोडा म्हनताय तर तोडा. पर त्याआधी एकडाव मला ती फळं शिजवून आईला निवद दावू द्या. कच्चं फळ नसंल आवडलं तिला."

पाटलाने डोके खाजवले. शिजवलेल्या नैवेद्याला नाही म्हणणारी देवी त्याच्या ऐकिवात नव्हती. "दाव," तो म्हणाला. "पर कुऱ्हाड मी संगं आनतो."

पौर्णिमेच्या सकाळी हौसाने सगळी फळे उतरवली आणि चिरायला बसली. रस मनगटापर्यंत ओघळला. डोळ्यांतले पाणी पुसायलाही हात रिकामा नव्हता. शेजारी पूजेसाठी तगरीच्या कळ्या काढून ठेवल्या होत्या. त्यातली एक तिच्या बोटाला चिकटली. तिने हात झटकला. कळी पडेना. पुन्हा झटकला. मग हौसा झटकायची थांबली आणि त्या कळीकडे बघत राहिली. तिला गुरवाची बोटे आठवली. गुरवाच्या धोतरावरचे पिवळे डाग आठवले. रोज भरून नेलेली टोपली रोज थोडी हलकी कशी होते, हेही आठवले.

तिला सगळे कळले, आणि कळून काहीच उपयोग नाही हेही कळले. देवीच्या गुरवाला चोर म्हणणार कोण? परक्या गावची सून? लोकांनी झाडाबरोबर तिलाही तोडले असते. शिवाय सखोबाच्या घरी सहा तोंडे होती, आणि ती सगळी या देवळावर खात होती.

तिने मातीच्या पसरट तवलीत फोडी रचल्या. वर गूळ किसला, सुंठ आणि वेलची टाकली. गव्हाचे पीठ लोण्यात चोळून ताकात भिजवले. पोळी लाटली नाही. बापाने सांगितले होते तसे ओबडधोबड गोळे हातानेच वर टाकले, नांगरलेल्या रानात ढेकळे पडतात तसे; म्हणून तर याला ढेकळी म्हणतात. तवली निखाऱ्यांवर ठेवली, झाकणावरही निखारे घातले. खालचा रस उकळून ढेकळांच्या फटींतून बुडबुडे काढू लागला. हौसाने झाकण उचलून आत बघितले तेव्हा वाफेचा लोट तिच्या हातावर आला, आणि बोटाला अजून चिकटलेली कळी अलगद सुटून राखेत पडली.

हौसाने डोळे मिटून बापाला हात जोडले. मग फडक्याची चुंबळ केली आणि झाकणावरच्या रसरशीत निखाऱ्यांसकट तवली डोक्यावर घेऊन देवळाची वाट धरली.

सारे गाव जमले होते. कण्हेरीच्या कळ्या लागल्या होत्या. पाटील कुऱ्हाड टेकून उभा होता. सखोबा घाबरलेला होता, म्हणजे कालच्या टोपलीतले एक नुकतेच खाऊन बसला होता. हौसा गाभाऱ्यात शिरली. "तकडं ठेव, डाव्या अंगाला," सखोबा म्हणाला.

"सवाष्णीचा निवद उजव्या अंगालाच असतोय, मामा," हौसा म्हणाली आणि तवली देवीच्या अगदी उजव्या पायाशी ठेवून तिने झाकण काढले.

वाफेने गाभारा भरून गेला. पिकल्या सप्ताळूचा, तुपाचा, गुळाच्या पाकाचा घमघमाट पायऱ्या उतरून पारापर्यंत गेला, आणि म्हैसवालाही उठून उभा राहिला. सगळ्यांच्या देखत देवीच्या उजव्या खांद्यावरची तांबडी कळी थरथरली, सरकली आणि टप्‌कन पडली. गावाने गजर केला. तोवर बाकीच्या कळ्याही सुटल्या. उजव्या, डाव्या, म्हशीच्या, विहिरीच्या, सोयरिकीच्या, सगळ्यांचा एकदम पाऊस पडला आणि कुठली कोणाची याचा पत्ता लागेना. जो तो आपल्याला हवी ती कळी उचलून होकार घेऊन मोकळा झाला. त्या वर्षी टेंबवाडीत जितकी लग्ने झाली तितकी पुन्हा कधी झाली नाहीत, म्हणे.

पण केरू पाटील अगदीच खुळा नव्हता. प्रसादाला हात पुढे करताना त्याचे नाक सखोबाच्या हाताजवळ गेले आणि तिथेच थांबले. "गुरवा, अजून परसाद वाटला न्हाई. तुज्या हाताला ह्यो वास कसला?"

 सखोबाचे तोंड पांढरे पडले. हौसा पुढे झाली. तिने सखोबाचे दोन्ही हात धरले, नाकाशी नेले, चांगला श्वास भरून हुंगले आणि म्हणाली, "काय वास न्हाई, पाटीलबाबा. माझ्या तवलीचा घमघमाट हाय त्यो."

पाटलाने तिच्याकडे बघितले, सखोबाकडे बघितले आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकली. "न्हाई तर न्हाई," तो म्हणाला आणि जेवायला बसला. हौसाने मग बापाच्या झाडाचे फळ पहिल्यांदा तोंडात घातले. ती रडत होती आणि खात होती, आणि सासू पहिल्यांदाच काही न बोलता तिच्या पानात वाढत होती.

पुढे पुष्कळ वर्षांनी वळवाच्या वादळात ते झाड मुळासकट उन्मळले. हौसा म्हातारी झाली होती. ती आडव्या बुंध्यापाशी बसली आणि माणूस गेल्यासारखी रडली. बाप दुसऱ्यांदा गेला, असे म्हणाली. तेव्हा काठी टेकत सखोबा आला. तो तिला देवळामागे, जिथे तेव्हा गुरवाखेरीज कोणी फिरकत नसे, तिथे घेऊन गेला. खिडकीखाली, त्याने भीतीपोटी खाऊन फेकलेल्या बियांतून, झाडांची दाटी झाली होती आणि प्रत्येक झाड फळांनी वाकले होते.

"म्या लावली न्हाईत, हौसे," सखोबा मान खाली घालून म्हणाला. "म्या नुसती टाकली."

हौसाने प्रत्येक बुंध्याला हात लावून बघितला. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "मामा, तुम्ही शाने असता तर माझा बा आज कुठंच नसता."

आजही वैशाखी पौर्णिमेला टेंबाईला पुरणपोळी चालत नाही, सप्ताळूची ढेकळीच लागते, आणि तवली उजव्या अंगालाच ठेवतात. कौलाआधी गुरवाला साऱ्या गावादेखत एक सप्ताळू खायला देतात, म्हणजे त्याला चोरावे लागू नये. मग त्याचे हात राखेने घासून धुतात. तरी सप्ताळूचा वास हातावरून इतक्यात जात नाही, हवे तर तुम्हीही खाऊन बघा. शेवटी हौसाच्या घरची सून पुढे येते, गुरवाचे हात हुंगते आणि मोठ्याने सांगते, "काय वास न्हाई." तेवढे एक खोटे टेंबाईला चालते, असे सांगतात.