दामू कासाराची खाशी पलटण

एका गावात एक कासार होता, दामू त्याचं नाव. दिवसभर तो बायकांच्या हातात बांगड्या भरायचा आणि दुकानाची फळी लावली की फ्रान्सच्या बादशहाची फौज दुरुस्त करायला बसायचा.

खोटं वाटत असेल तर वाटू दे. फौज शिशाची होती, एकेक शिपाई बोटाच्या पेराएवढा. नेपोलियन नावाचा बादशहा फार पूर्वी होऊन गेला, त्याच्या पलटणींची ही खेळातली चित्रं. जुन्या बाजारात गंजक्या कुलपांखाली, फुटक्या कपबश्यांच्या ढिगात ती सापडायची. कुणाचा पाय गेलेला, कुणाची संगीन वाकलेली, कुठे घोडा आहे तर स्वार नाही. दामू त्यांना रॉकेलमध्ये भिजवून जुना रंग उतरवायचा, तुटका पाय बांगड्यांच्या लाखेने जोडायचा आणि खारीच्या केसांच्या ब्रशाने नवे कपडे चढवायचा. हात असा, की एका शिपायाच्या मिशीला त्याने पीळ भरला तर तिच्यावर बसायला आलेली माशी टोचलं म्हणून उडून गेली. कोटाची बटणं तर अशी चमकायची, की त्याची बायको इंदू त्यांत बघून कुंकू लावायची.

सगळ्यांत लाडका होता पांढऱ्या घोड्यावरचा बादशहा. बाजारात मिळाला तेव्हा त्याला डोकंच नव्हतं. दामूने शिसं वितळवून नवं घडवलं. आधीची काही डोकी सरपंचासारखी झाली म्हणून मोडावी लागली, पण शेवटी एक जमलं.

दर वर्षी दिवाळी झाली की लतीफ टेलरच्या दुकानात लढाई व्हायची. कापड बेतायचं मोठं टेबल म्हणजे रणांगण. त्यावर हिरव्या अस्तराचं माळरान, खडूने काढलेली नदी आणि चिंध्यांचे डोंगर. कोणती पलटण किती पुढे सरकली ते लतीफ टेपने मोजायचा, कोण पडलं ते फासा सांगायचा, आणि पडलेला शिपाई बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचा. हरणाऱ्याचा सेनापती वर्षभर जिंकणाऱ्याच्या घरी राहणार, असा करार होता.

समोर इंग्रजांची फौज घेऊन उभी असायची गिरणीवाली द्वारकाबाई. तिच्या घोड्यांना काड्यापेटीतल्या काड्यांचे पाय होते, एक तोफ पेनाच्या टोपणाची होती आणि रंग इतका उडालेला, की कोण कुठल्या पलटणीचं ते तिलाच ठाऊक. ती शिपायांना शेंगदाण्यांसारखं मुठीने उचलायची.

त्या वर्षी दामूने नवी खाशी पलटण तयार केली होती. उंच केसाळ टोप्यांचे बादशहाचे खास रक्षक. वर्षभर खपून एकेक मिशी रंगवलेली. बांगड्यांच्या पेटीत कापसावर निजवून त्याने ती आणली, पेटी टेबलाच्या कडेला ठेवली आणि सगळ्यांना दिसावी म्हणून झाकण तेवढं उघडलं.

द्वारकाबाईने वाकून पाहिलं. "दामूभाऊ, हे सैन्य आहे की रुखवत?"

"राखीव आहेत, बाई. वेळ आली की उतरवीन."

"उतरवा, उतरवा. नाहीतर मुहूर्त काढायला भटजी बोलवायचे."

लढाई सुरू झाली. काड्यांच्या पायांचे घोडे लंगडत लंगडत नदी ओलांडून आले. दामूची डावी फळी फुटली, मग उजवी फुटली. डब्यात शिपाई पडत होते, खण्, खण्.

"दामूशेठ, पलटण सोडता का?" लतीफने विचारलं.

"अजून वेळ आहे."

"वेळ आहे, पण माणसं कुठायत?"

खरंच, बादशहाभोवती एक ढोलवाला आणि एक जखमी गाढव एवढेच उरले होते. आता बादशहा वर्षभर गिरणीत जाणार. आणि त्याला वाचवायला खाशी पलटण सोडावी, तर त्या मिशा बिस्किटांच्या डब्यात आपटणार.

तेवढ्यात फासा उलटा पडला आणि द्वारकाबाईचीच आवडती तोफ बाद झाली. ती आपल्याच नुकसानीवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिने स्वतःच्या हाताने तोफ डब्यात टाकली आणि म्हणाली, "मेली, पण काय धडाक्यात मेली."

दामू तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या ध्यानात आलं, की आपण दुपारभर लढाई पाहिलीच नाही. आपला एक डोळा पेटीवर होता आणि दुसरा बाईच्या हातातल्या चहाच्या कपावर, कधी सांडेल म्हणून. वर्षभर वाट पाहिलेला खेळ असा भीतीतच संपत आला होता.

त्याने पेटी ओढली आणि खाशी पलटण टेबलावर उतरवली.

मग काय विचारता. फासा पडेल तो सहाच. चिंध्यांचा डोंगर कापत पलटण निघाली. लोक बाकांवर चढले. शर्टाचं माप द्यायला आलेलं एक गिऱ्हाईक एका बाहीतच उभं राहिलं. पहिला रक्षक पडला, डब्याच्या काठावर आपटला आणि त्याची मिशी उडाली. सगळे दामूकडे बघू लागले.

"एकाची गेली," दामू म्हणाला. "बाकीच्यांच्या आहेत की. टाका फासा, बाई."

शेवटी लतीफने टेप लावला, चष्मा पुसून पुन्हा लावला. "बाईंच्या सेनापतीपर्यंत पोचायला दोन बोटं कमी पडली, दामूशेठ. जरा आधी निघाली असती तर पोचली असती."

द्वारकाबाईने बादशहाला पदरात घेतलं. "वर्षभर नीट सांभाळीन हो."

"वर्षभर कशाला? या रविवारीच येतो त्याला सोडवायला. लतीफभाई, टेबल मोकळं ठेवा."

घरी गेल्यावर इंदूने पेटी उघडून पाहिली. "अहो, रंग उडालाय सगळ्यांचा."

"उडणारच. लढून आलेत ते," दामू म्हणाला आणि दोन भाकऱ्या जास्त जेवला.

तो आठवडा त्याला काढवेना. बादशहाला भेटायला तो रोज दळण घेऊन गिरणीत जाई. घरात इतकं पीठ साठलं, की इंदूने शेजारच्या तीन आळ्यांना थालीपिठं वाटली.

रविवारी खाशी पलटण सर्वांत आधी टेबलावर उतरली आणि बादशहाला सोडवून घेऊन आली. त्याच्या पुढच्या रविवारी दामू पुन्हा हरला आणि बादशहा गिरणीत गेला. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा परत आला. हल्ली तर म्हणे बादशहाला आपलं घर कुठलं आणि गिरणी कुठली, हेच आठवत नाही.

तात्पर्य: मोडेल या भीतीने जी वस्तू आपण वापरत नाही, तिचे आपण मालक नसतो, नुसते राखणदार असतो, आणि राखीव म्हणून ठेवलेलं वेळेवर बाहेर काढलं, तरच ते राखीव.