घड्याळातला सेल

चूक बापाची होती. हे आधीच लिहितो, कारण अशा गोष्टींत शेवटी सगळं पोराच्याच गळ्यात बांधतात.

"दोन वूफर, दोन ॲम्प्लिफायर. मग बास गेला कुठं, वस्ताद?"

हेरंब गाडीच्या डिकीत डोकं घालून विचारत होता. इंजिनियरिंग अर्ध्यात सोडून तो मिरजेत नबीलाल वस्तादांकडं गाड्यांना साउंड बसवायला शिकत होता. त्याच मिरजेत, त्याचा बाप मात्र गल्लीभर सांगत होता, पोरगा पुण्याला शिकतोय.

वस्ताद बाकावर बसून गाणं ऐकत होते.

"थांबा, अजून उघडतो."

हेरंबनं दोन्ही ॲम्प्लिफायरच्या कळा शेवटपर्यंत पिळल्या. वूफरचे पडदे पिसाटासारखे हलायला लागले. आवाज तसाच, फुसका.

वस्ताद उठले. एका वूफरची वायर उपटली.

आणि बास आला.

फरशीतून आला, तळपायांतून वर चढला. लाकडाचा भुसा उन्हाच्या पट्ट्यात तरंगायला लागला. छताला टांगलेले भोपळे हळूच घुमले. वस्तादांचे वडील तंबोरे करायचे. त्यांच्या मागं राहिलेले ते भोपळे, कधी तारा न चढलेले.

"एक काढला... आणि वाढला?"

वस्तादांनी गाणं बंद केलं, दुसऱ्या वूफरचीही वायर सोडवली. मग भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. घड्याळ थांबलं. दुपारही थांबल्यासारखी झाली.

सेल एका वूफरच्या लाल-काळ्या वायरींना टेकवला. पडदा टुणकन बाहेर आला.

तसाच दुसऱ्याला टेकवला. पडदा आत गेला.

"जोर दोघांचा सारखाच," वस्ताद म्हणाले. "एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. मधल्यामध्ये आवाज मरतो."

"उलटा कुठला मग?"

"वूफरला विचार. दोघंही सांगतील, मी सरळ."

हेरंब हसला. मग त्याचं लक्ष दाराबाहेर गेलं आणि हसू तिथंच राहिलं.

समोर कडुनिंबाखाली एक माणूस स्कूटर लावून उभा होता. ऊन रणरणतं, स्कूटर बंद, तरी डोक्यावर हेल्मेट. काच खाली ओढलेली.

"वडील आलेत तुझे," वस्ताद म्हणाले.

"दिसलं मला."

"जा की."

"हेल्मेट काढू दे आधी. इथं कुणी ओळखेल म्हणून घालून उभा आहे. पोराची लाज वाटते त्याला."

"वाटत असंल."

"चूक त्याची आहे."

"असंल."

"मग मी का जाऊ?"

वरचा एक भोपळा अजून हलत होता. वारा नव्हता.

हेरंबनं सोडवलेल्या वायरी हातात घेतल्या. उलटी कुठली ते आता त्याला कळलं होतं. तरी ती त्यानं बाजूला टाकली आणि एकच वूफर जोडला.

"एकावर चालतंय की, वस्ताद. वाजतंय चांगलं."

"चालतंय," वस्ताद म्हणाले. "मी पण एकावरच चालवलं. अब्बा म्हणायचे, हे डबे बडवायचं सोड, नाहीतर या घरात पाऊल टाकू नको."

"मग?"

"नाही टाकलं."

बाहेर हेल्मेटवाल्यानं स्कूटरला किक मारली. लागली नाही. पुन्हा मारली.

वस्तादांनी घड्याळातला सेल हेरंबच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटवली.

"चूक अब्बांचीच होती," ते म्हणाले. "त्यांनी जुळवलेला तंबोरा मला पुन्हा ऐकायला मिळाला नाही."