परक्या बेटावरची आण

शेजारच्या राज्यात कापाकापी सुरू झाली, तशी राही कोळीण चाळीस जीव होडीत घालून शंखपूरच्या राजाकडे आसऱ्याला आली. दिवाण दाजीपंत फार हुशार, निदान स्वतःच्या मते तरी! त्यांनी सगळ्यांना समुद्रातल्या एका परक्या बेटावर बसवलं आणि भोवती पहारा ठेवला. सहा महिने अर्ज कुणी ऐकेना, पोरं तापाने फणफणली.

एकदा राजा पाहणीला आला. राही वाटेत आडवी आली. "महाराज, आमचं गाऱ्हाणं ऐका!"

पंत मिशीत हसले. "बाई, हे बेट आमचं नव्हे. इथे महाराजांचा कायदा चालत नाही. मग जबाबदारी कसली?"

"बरं झालं सांगितलंत, पंत!" राही वळून ओरडली, "ढकला रे होडी!"

होडी पाण्याला लागताच पंत धोतर सावरत धावले. "थांबा! महाराजांची आण आहे!"

सगळे जागीच थांबले. राजाची आण मोडायची कशी?

राहीने हात जोडले. "महाराज, तुमची आण इथे चालते. मग न्यायालाच काय समुद्र आडवा येतो?"

राजा खो खो हसला. "पोरांना आधी आमच्या वैद्याकडे न्या. आणि पंत, तुम्ही इथेच बसून अर्ज लिहून घ्या."

चाळिसावा अर्ज होईपर्यंत पंतांच्या धोतरात निम्म्या बेटाची वाळू शिरली होती!