उंबराचा पहारा

आटपाट रानात नदीकाठी एक उंबर होता. लोक म्हणायचे, याला फूलच येत नाही. उंबर गालातल्या गालात हसायचा. फुलं होती, पण त्यानं ती फळांच्या पोटात दडवली होती. आता दडवलेलं असलं की जिवाला घोर आलाच.

एकदा त्याला दिसलं, राईएवढी माशी फळाच्या बारीक भोकातून आत शिरते. काही दिवसांनी तिथूनच दहा-वीस माश्या बाहेर पडतात, अंगाला पिवळे पराग माखून!

"ही तर घरफोडी!" उंबर कडाडला. त्यानं मुंगळ्यांच्या नाईकाला दारोदार पहारा बसवायला सांगितलं.

पहारा चोख बसला. आणि पंधरा दिवसांत कच्ची फळं टपाटप गळू लागली. एकातही बी धरलेलं नव्हतं. आता उंबराचा संशय नाईकावरच गेला. "माश्यांना सामील झालास ना?"

"नाही धनी. एकीलाही आत सोडलं नाही. झडती घेतली तेव्हा अंगावर पराग होते खरे."

"बघ, चोरीचा माल!"

"पण त्या आत येत होत्या, धनी. पलीकडच्या उंबराचे पराग घेऊन. आणि पहिल्या दिवशी मी दाराशी पडलेले पंख झाडून काढले. दार अरुंद, शिरताना तुटत असणार. पळायचे पंख दाराबाहेर टाकून कोणता चोर आत शिरतो?"

आणखी एक कच्चं फळ पडलं.

"पहारा उठव," उंबर म्हणाला.

पहारा तेव्हाच उठला. पण माशीचं आयुष्य ते केवढं, दोन दिवसांचं! अडवलेल्या माश्या फळात अंडी न घालताच मेल्या होत्या. दारं सताड उघडी होती आणि येणारं कुणी नव्हतं.