पोंक्ष्यांनी पुसलेली लाल ओळ

घाटाखाली एक गाव होतं. तिथे वीज कमी आणि सल्ले जास्त. त्या गावात अच्युत पोंक्षे नावाचा एक प्रोग्रामर राहायचा. तिथी-मुहूर्त काढणाऱ्या कोडची एक लायब्ररी लिहून त्याने ती इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुली करून दिली होती. लग्नाचे हॉल ठरवणारी अ‍ॅप्स तीच जोडून घ्यायची आणि तळाशी 'मुहूर्त: पोंक्षे' असं झळकवायची. अच्युतला विचारल्याशिवाय राज्यात एकही बोहलं उभं राहत नव्हतं म्हणा ना! त्याला पैसा नको होता. लोकांनी चांगलं म्हणावं, एवढीच भूक. पण ती भस्म्या झाल्यासारखी.

एके दिवशी त्याच्याच लक्षात आलं, की आपल्या लायब्ररीतलं मुहूर्ताचं फंक्शन, म्हणजे मुहूर्त काढणारा कोडचा तुकडा, अधिक महिना ओळखतच नाही. अधिकात लग्नं लागत नाहीत, आणि हे खुशाल मुहूर्त काढून देणार! त्याने नवं फंक्शन लिहिलं, नवी आवृत्ती काढली आणि जाहीर केलं, "जुनं फंक्शन पाडव्याला काढून टाकणार. तोवर ते वापराल तर अ‍ॅपचं काम करताना पडद्यावर इशाऱ्याची लाल ओळ येईल. अधिक यायच्या आत नव्यावर या."

दापोलीच्या यमुना साळकरने त्याच आठवड्यात आपलं छोटंसं अ‍ॅप बदलून घेतलं. बाकीचे लाल ओळीखाली निवांत बसले.

पाडवा आला. सगळ्यात मोठ्या अ‍ॅपचे मालक जगदेवराव, त्यांचा फोन. "अच्युतराव, ऐन लग्नसराईत कुठे काढता? देवमाणूस तुम्ही. दसऱ्याला बघा."

देवमाणूस म्हटल्यावर अच्युत विरघळला. दसऱ्याला पुन्हा फोन, पुन्हा देवमाणूस. तारीख सरकतच राहिली. पुढे पुढे तर अच्युतने तारीख जाहीर केली, की लोक हसरे चेहरे पाठवायचे.

मग जगदेवराव म्हणाले, "आमच्या पोरांना कामात सारखी ती लाल ओळ दिसते हो. अपशकुनी वाटतं. तेवढी पुसा ना."

अच्युतने पुसली.

बायको मंदाकिनी बघत होती. म्हणाली, "अहो, गळती बंद केलीत, की खालची बादली तेवढी उचललीत?"

"एवढा मोठा माणूस विनवतोय, तुला काय कळतंय!"

आणि अधिक महिना आला. अ‍ॅपने मुहूर्त दिले, हॉल दिले, गुरुजीसुद्धा अ‍ॅपनेच धाडले. ऐन बोहल्यावर एका गुरुजींनी पिशवीतलं छापील पंचांग उघडलं आणि अंतरपाट खाली ठेवला. "अधिकात मंगलाष्टकं? माझ्याच्याने नाही व्हायची." ही बातमी हॉलाहॉलांतून फिरली. जिलब्या गार झाल्या. एक नवरदेव घोड्यावरून उतरेना, आणि घोडं म्हणे, मला दुसरी वरात आहे.

जगदेवराव टीव्हीवर हात जोडून म्हणाले, "चूक पोंक्ष्यांच्या लायब्ररीची. धोका होता, तर त्यांनी तशी सूचना द्यायची ना? आमच्या पडद्यावर तर काहीसुद्धा दिसत नव्हतं."

यात एकही शब्द खोटा नव्हता.

लोकांनी पोंक्ष्यांचं नाव असलेलं सगळंच फोनमधून उपटून टाकलं. जुनं काय, नवं काय, कोण बघत बसतो! जगदेवरावांनी अच्युतचं नवं फंक्शन गुपचूप घेतलं, वर स्वतःचं नाव घातलं आणि पुढच्या लग्नसराईत ते पुन्हा जोरात होते.

यमुनाचा फोन आला. "दादा, माझ्या अ‍ॅपने एकही मुहूर्त चुकवला नाही. तरी तुमचं नाव बघून लोकांनी तेही काढलं. आज बंद केलं मी. तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हाच ऐकलं, हे माझं चुकलं का?"

आणि तिने फोन ठेवून दिला.

तात्पर्य: न ऐकणाऱ्यांची मर्जी राखायला जो आपला शब्द पुढे ढकलतो, त्याच्या भिडेची शिक्षा त्याचं ऐकणाऱ्यांना भोगावी लागते.